तक्रार न करणारं गिऱ्हाईक

ब्लाउज घट्ट झाला अशी तक्रार घेऊन कुणी बाई आली, की मी आधी मापाची वही काढते. तिच्या नावाचं पान उघडते, छातीचा आकडा दाखवते, मग टेप घेऊन तिच्यासमोर ब्लाउज मोजते. आकडा तोच निघतो. "ब्लाउज होता तेवढाच आहे, तुम्ही वाढलात," असं मी तोंडावर सांगते. यापायी काही बायका कायमच्या तुटल्या. एकीने तर ब्लाउज माझ्या अंगावर फेकला आणि तरातरा निघून गेली. गेली तर गेली. त्रेचाळीस वर्षं मी शिवतेय आणि माझं माप चुकलं असं मी कधी कबूल केलं नाही. चुकलंच नाही तर कबूल काय करायचं?

हे आधीच सांगून टाकलं, म्हणजे कुणाशी गाठ आहे ते वाचणाऱ्याला कळावं. आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाचे संपादक म्हणजे पुण्याहून इथे नोकरीला आलेला एक तरुण मुलगा. तो म्हणाला, "अक्का, तुमच्या कामाबद्दल लिहा ना. खूप इन्स्पायरिंग होईल." म्हटलं, बाबा, मी टेलर. लोकांचे ब्लाउज शिवते. त्यात इन्स्पायरिंग काय कप्पाळ? शिवाय माझ्या मराठीला तुम्ही लोक हसता. मी 'बरं'च्या जागी 'सरी' म्हणते, 'थोडं'च्या जागी माझ्या तोंडात 'स्वल्प' येतं. आमचं घराणं तीन-चारशे वर्षं या बेंगळूरात आहे, तर एवढं होणारच. तो म्हणाला, "तसंच लिहा." म्हणून तसंच लिहितेय.

माझं दुकान म्हणजे के. आर. पुरममध्ये आमच्या घराची पुढची खोली. दोन मशिनं, एक कटिंगचं टेबल, आणि कोपऱ्यात पडदा लावून केलेली ट्रायलची जागा. काज-बटण आणि इस्त्री माझे यजमान बघतात. बँकेतून रिटायर झाल्यापासून त्यांना दुसरं काम नाही, आणि इस्त्री ते फार सुरेख करतात, हे मी त्यांच्यासमोर म्हणत नाही. अर्धी गिऱ्हाइकं चारचौघींसारखी. उरलेल्या अर्ध्या म्हणजे स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेल्या बायका. कुणाची एक बाजू काढलेली, कुणाच्या दोन्ही. त्यांचे ब्लाउज, कुर्ते आणि आतले कपडे मी शिवते. इथल्या दोन-तीन हॉस्पिटलांतल्या सिस्टर लोकांना माझा नंबर पाठ आहे.

याची सुरुवात माझ्या थोरल्या जाऊबाईंपासून झाली. त्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा अशा कामाला शिंपी असतो हेच कुणाला ठाऊक नव्हतं. त्या ब्लाउजच्या आत रुमालाची घडी ठेवायच्या. एकदा शेजारी हळदीकुंकवाला गेलो होतो. कुंकू लावून घ्यायला त्या वाकल्या आणि घडी निसटून पाटाशी पडली. कुणी हसलं नाही. सगळ्याजणी भिंतीकडे, छताकडे बघायला लागल्या, ते हसण्यापेक्षा वाईट झालं. जाऊबाईंनी रुमाल उचलला, घरी आल्या, आणि त्यानंतर कुठे गेल्या नाहीत. मी आत खिसा ठेवून एक ब्लाउज शिवून दिला, तो त्यांनी घडी न मोडता कपाटात ठेवला. दिवसभर पडून राहायच्या. आम्ही काय म्हणायचो? "त्यांना आता माणसं नकोत." "स्वभावच तसा झालाय." मीसुद्धा म्हणाले, का खोटं बोलू? बारा वर्षं त्या तशाच जगल्या. कॅन्सर काही परत आला नाही, पण आमच्या जाऊबाईही परत आल्या नाहीत. हा निराळा आजार आहे, याला डॉक्टर असतो, गोळ्या असतात, हे घरात एकाच्याही डोक्यात आलं नाही. याचं मला अजून वाईट वाटतं.

आता कामाचं सांगते. लोकांना वाटतं, एका बाजूला कापूस भरला की झालं. तसं नाही. कापसाला वजन नाही. वजन नसलं की ती बाजू वर चढते, आणि दुसऱ्या बाजूच्या ओझ्याने खांदा कलतो. चार महिन्यांत बाई वाकडी चालायला लागते आणि पाठ धरते. बाजारात सिलिकॉनच्या तयार पिशव्या मिळतात, त्या सगळ्यांना परवडत नाहीत आणि उन्हाळ्यात घाम काढतात. मी खूप प्रकार करून पाहिले. तांदूळ टोचतो, साबुदाणा चुरतो, मोहरीला वास येतो. शेवटी नाचणीवर आले. बारीक, गोल, गुळगुळीत दाणा. मऊ सुती पिशवीत भरला की अंगाबरोबर हलतो, वजनही बरोबर लागतं. डॉक्टरांनी जखम पूर्ण भरली असं सांगितल्यावरच द्यायची, हा माझा नियम. ब्लाउज पुढे हुकाचा, कारण हात मागे नेववत नाही. काखेतल्या गाठीही काढलेल्या असतात, त्यामुळे त्या हाताला सूज येते. म्हणून त्या बाजूची बाही अर्धा इंच सैल आणि मुंढा, म्हणजे काखेकडचा काप, स्वल्प खोल. अशा गिऱ्हाइकांच्या पानावर माझ्या वहीत डावी-उजवी अशी दोन मापं असतात.

ट्रायलच्या जागेत आरसा आहे, पण आरशावरही एक छोटा पडदा आहे. तो मी कधी ओढत नाही. जिला बघायचं तिने आपल्या हाताने ओढायचा. कुणी पहिल्याच दिवशी ओढते, कुणी चौथ्या खेपेला.

नाचणीवरून आठवलं. एक रिटायर झालेल्या हेडमिस्ट्रेस यायच्या, वय सत्तरच्या पुढे, कानडी बोलणाऱ्या, आवाज अजून शाळेच्या मैदानावरचा. त्यांना बजावून सांगितलं होतं, धुवायचं ते वरचं कव्हर, आतली पिशवी भिजवायची नाही. बाईंनी सगळंच बादलीत टाकलं आणि मुलाकडे दोन दिवस राहायला गेल्या. परत आल्या त्या थेट माझ्याकडे, हातात स्टीलचा डबा. "एन्री टेलरम्मा, नोडि! मोळके बंदिदे!" डबा उघडून बघते तर काय, पिशवीतून पांढरे मोड बाहेर आलेले! मला कुठे तोंड लपवू असं झालं. बाई खो-खो हसत म्हणाल्या, "त्या सर्जनला सांगायला पाहिजे, तू कापलंस तरी अजून पीक येतंय म्हणावं." त्यानंतर मी नाचणी भाजून भरते. याच बाईंनी एकेक ब्लाउज मला चार-चार वेळा उसवायला लावला. गळा तिरका, पट्टी जाड, हुक कच्चा. मी मनात म्हणायची, देवा, असं गिऱ्हाईक कुणाला देऊ नकोस.

आणि मग वैशाली आली, तेव्हा मी म्हटलं, गिऱ्हाईक असावं तर असं.

वैशाली नागपूरची, वय एकोणचाळीस. नवरा-बायको दोघंही आयटीत, बेळ्ळंदूरला सतराव्या मजल्यावर फ्लॅट. डाव्या बाजूचं ऑपरेशन झालेलं, केमो संपलेला, केस पुन्हा बोटभर वाढलेले. ग्रेसी सिस्टरने तिला माझ्याकडे पाठवलं होतं. ग्रेसी ऑपरेशनच्या वॉर्डातली, केरळची. माझ्याशी ती निम्मं कानडी निम्मं हिंदी बोलते आणि आमचं छान जमतं. वैशालीबरोबर तिचा नवरा निखिल आला होता. महिनाभराने नागपूरला दिराचं लग्न होतं, त्यासाठी जांभळ्या साडीवर ब्लाउज शिवायचा होता.

"रिपोर्ट एकदम क्लीन आहेत काकू," निखिल बसता बसता म्हणाला. "डॉक्टर म्हणाले, आता नॉर्मल लाइफ. हो ना वैशाली?"

"हो," ती म्हणाली.

मी माप घ्यायला लागले. गळा किती खोल ठेवू? "चालेल काकू, कितीही." बाही कोपरापर्यंत ठेवू? "चालेल." अस्तर जांभळंच लावू की पांढरं? "काहीही चालेल." आठवडाभराने ट्रायलला आली. आत गेली, घातला, दोन मिनिटांत बाहेर. आरशाचा पडदा होता तिथेच होता. "फिटिंग छान आहे काकू," म्हणाली आणि पैसे देऊन गेली.

मी फुगले. त्या दिवशी जेवताना यजमानांना म्हटलं, "बघा, याला म्हणतात समजूतदार मुलगी. एक खोट काढली नाही." ते म्हणाले, "नागपूरची असून इतकी कमी बोलते?" मी म्हटलं, "तुम्ही भात खा."

त्यांना जे दिसलं ते मला दिसलं नाही. आमच्या धंद्यात तक्रार न करणारं गिऱ्हाईक म्हणजे सोनं. तेवढीच माझी समज होती.

लग्न होऊन आठवडा झाला असेल, एका सकाळी वैशाली एकटीच टॅक्सीने आली. हातात दोन मोठ्या पिशव्या. अकरा साड्या, सगळ्यांवरचे ब्लाउज, नीट घड्या घालून. वर मी जांभळा ब्लाउज घालून दिला होता ते कव्हर, त्याची टाचणीसुद्धा निघालेली नव्हती.

"काकू, या कुणाला तरी द्या. तुमच्याकडे येतात ना गरजू बायका."

"अगं, आणि लग्न? घातला नाहीस?"

"बरं नव्हतं. निखिल जाऊन आला."

आणि मी काय करावं? माझी नजर कापडावर गेली. मेल्या या टेलरच्या नजरेला काय म्हणावं! एक जरीची, दोन इरकली, आणि एक करवतकाठी, अस्सल टसर. "ही आईची," ती म्हणाली, "पण द्या." मी हात फिरवून पाहिला आणि म्हणाले, "केवढं मोठं मन गं तुझं! देव तुझं भलं करो." ती हसल्यासारखं करून निघून गेली. मी तिला चहासुद्धा विचारला नाही. दुसऱ्या दिवशी एका बाईच्या मापाचा करायला म्हणून इरकलीवरचा ब्लाउज घेतला आणि उसवायला बसलेसुद्धा.

तेवढ्यात ग्रेसी आली. बुधवारी तिची सुट्टी असते, वॉर्डासाठी शिवून ठेवलेल्या पिशव्या ती घेऊन जाते. टेबलावरचा ढीग बघून तिने विचारलं, कुणाच्या? मी कौतुकाने सगळं सांगितलं. तिच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं.

"आईची साडी पण दिली?"

"हो, मी म्हणतेय ना, मोठं मन आहे."

"अक्का," ती म्हणाली, "वीस वर्षं मी या बायकांत आहे. आवडीच्या वस्तू वाटायला लागली ना बाई, की तिला आधी फोन करायचा. थँक्यू नंतर."

माझ्या हातातली कात्री तशीच राहिली. मी फोन लावला. वाजून बंद झाला. परत लावला, परत तेच. निखिलला लावला, त्याचं ऑफिस गावाच्या दुसऱ्या टोकाला, तो मीटिंगमध्ये होता आणि हळू आवाजात म्हणाला, "काकू, नंतर बोलू का?" ग्रेसीने माझ्या हातून फोन ओढून घेतला. "मीटिंग छोडिए. घर जाइए. अभी." इतकंच बोलली. मग मला म्हणाली, तुमच्या घरापासून बेळ्ळंदूर जवळ, तुम्ही निघा. मी हॉस्पिटलला जाऊन मनाच्या डॉक्टरांना गाठते. आणि जाता जाता मला एक शिकवलं. म्हणाली, सरळ विचारा, आडून आडून नको. विचारल्यामुळे डोक्यात नसलेलं येत नाही. असलेलं बाहेर येतं.

साड्यांच्या पिशव्या घेऊन मी रिक्षात बसले. रिंग रोडची दुपार तुम्हाला माहीत आहे. रिक्षावाल्याला म्हटलं, "अण्णा, स्वल्प बेगा, लवकर चला, एक मुलगी एकटी आहे घरी." तो बिचारा काहीही न विचारता सर्व्हिस रोडने, गल्लीबोळांतून काढत गेला. सारखा डोळ्यांसमोर पाटाशी पडलेला रुमाल. एकीच्या वेळेस कळलं नाही, ठीक आहे, तरुण होतीस. आता काय सबब सांगशील? असं मीच मला विचारत होते.

सतराव्या मजल्यावर बेल दाबली. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा दार उघडलं आणि समोर वैशाली उभी होती. तिला बघून मला रडूच कोसळलं. ती बिचारी गोंधळली. "काय झालं काकू? बसा ना." दुपारचा दीड वाजला होता, घरात सगळे पडदे लावलेले, अंगावर चुरगळलेला गाऊन, टेबलावर झाकून ठेवलेला सकाळचा नाश्ता तसाच.

"साड्या परत आणल्यात," मी डोळे पुसत म्हटलं.

"का?"

काय सांगावं सुचेना. ग्रेसीचं आठवलं आणि एका दमात विचारून टाकलं, "वैशाली, जगणं नको झालंय का गं तुला?"

तिने नाश्त्यावरचं झाकण उगाच सरळ केलं. मला वाटलं, आता ही मला हाकलून देणार. मग म्हणाली, "तसं काही ठरवलं नाहीये काकू. पण सकाळी जाग आली ना, की वाईट वाटतं, आपल्याला जाग आली म्हणून."

एवढं एक वाक्य निघालं आणि पुढचं आपोआप आलं. म्हणाली, केमो चालू होता तेव्हा बरी होते. तारखा होत्या, रक्ताच्या टेस्ट होत्या, वेळच नव्हता. सगळं संपलं, लोकांनी केक कापला, तू जिंकलीस म्हणाले, आणि दुसऱ्या दिवसापासून आत काही वाटेनासंच झालं. दुःखसुद्धा नाही. जेवणाला चव नाही, झोप पहाटे तीनला उडते. ऑफिसच्या कॉलवर कॅमेरा बंद. अंघोळ दिवा बंद करून करते. "निखिल इतकं करतो माझं, आणि मी त्याला साधं हसून दाखवू शकत नाही. मी नसते तर तो सुटला असता." हे सगळं ती भाजीचा भाव सांगावा तशा आवाजात सांगत होती.

मी काय शहाणपण सांगणार? मी तिला जाऊबाईंची गोष्ट सांगितली. रुमालाची, आणि घडी न मोडलेल्या ब्लाउजचीही.

"मग त्यांचं काय केलं?" तिने विचारलं.

"काही नाही. आम्ही काही केलं नाही. बारा वर्षं. आम्हाला वाटलं तो त्यांचा स्वभाव आहे."

तेव्हा ती रडली. मी तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि गप्प बसले. गप्प बसणं मला जमत नाही, पण त्या दिवशी जमलं.

निखिल धापा टाकत आला. "काय झालं? रिपोर्ट तर सगळे क्लीन..." मी त्याला तिथेच अडवलं. "रिपोर्ट छातीचा आहे रे बाबा. मनाचा कुणी काढलाय का?" बिचारा खालीच बसला. म्हणाला, "मला वाटलं, मी पॉझिटिव्ह राहिलो तर ती पण राहील." वाईट मुलगा नव्हता हो. गोळ्यांच्या वेळांचा तक्ता करून त्याने फ्रिजवर लावला होता. त्याला घाबरायला सुट्टीच मिळाली नव्हती.

त्याच दुपारी आम्ही तिला हॉस्पिटलला नेलं. ग्रेसीने मनाच्या डॉक्टरबाईंना थांबवून ठेवलं होतं. त्यांनी तासभर वैशालीशी एकटीशी बोलून मग आम्हाला आत घेतलं. म्हणाल्या, हे डिप्रेशन आहे. हा आजार आहे, आळस नाही, कृतघ्नपणा नाही. या ऑपरेशननंतर पुष्कळ बायकांना होतो, आणि बऱ्याचदा उपचार संपल्यावर होतो, जेव्हा घरातले सगळे सुटलो म्हणत असतात. गोळ्या आहेत, बोलून करायचे उपचार आहेत, पण गुण यायला काही आठवडे लागतील, आणि तोवर हिला एकटं सोडायचं नाही. निखिलने वहीत लिहून घेतलं. दोन दिवसांनी नागपूरहून वैशालीची आई आली.

त्या दिवशी तिला हॉस्पिटलमधून घरी सोडून निघताना मी साड्यांच्या पिशव्या पुन्हा उचलल्या आणि तिला म्हटलं, "तुझ्या साड्या माझ्याकडेच ठेवते. दिलेल्या नाहीत, ठेवायला दिल्यात. बरं वाटलं की येऊन घेऊन जा." ती म्हणाली, "चालेल." परत तेच चालेल. घरी येऊन मी पिशव्यांवर तिच्या नावाची चिठ्ठी टाचली. उसवलेला ब्लाउज होता तसा शिवला, अगदी जुन्या टाक्यांच्या भोकांतून सुई घालून. दीड दिवस लागला. यजमान म्हणाले, मशिनवर पाच मिनिटांचं काम आहे. मी सुईत पुढचा दोरा ओवला.

पुढचं काही सिनेमासारखं झालं नाही. दर गुरुवारी तिची आई तिला माझ्याकडे घेऊन यायची. ती स्टुलावर बसून राहायची, कधी हुक लावून द्यायची, कधी नुसतीच बसायची. पहिली गोळी मानवली नाही, बदलली. मग चार दिवस बरे, आठ दिवस पुन्हा अंधार. एका गुरुवारी तर आलीच नाही, तेव्हा मी दिवसभर शिवण चुकत होते. दोन महिने मला वाटत होतं, काही उपयोग नाही याचा. ग्रेसी म्हणायची, अक्का, धीर धरा, हाड जुळायला वेळ लागतो तसं आहे हे. तिची आई मात्र खमकी. डबाभर सांबारवड्या, म्हणजे नागपूरकडच्या कोथिंबिरीच्या वड्या, आणायची, मलाही भरवायची.

मी माझ्या कामात एक बदल केला, तेवढा सांगते. आता ऑपरेशन झालेली बाई गळ्याला चालेल, बाहीला चालेल, अस्तराला चालेल असं म्हणाली, की मी टेप खाली ठेवते आणि चौथा प्रश्न विचारते, "झोप लागते का?" चालेल म्हणणारी प्रत्येक आजारी नसते. काही खरंच भल्या असतात, अगदी थोड्या. पण विचारायला काय जातं? काहीजणी रागावतात, तुम्हाला काय करायचंय म्हणतात. रागावली की मला बरं वाटतं. हेडमिस्ट्रेस बाईंनी मला चार वेळा का उसवायला लावलं, ते मला असं उशिरा कळलं. त्यांना ब्लाउज घालून मिरवायचं होतं.

यंदा गणपतीच्या आधी, एका सकाळी अकराच्या सुमारास, दारात वैशाली. एकटी. बसने आली होती. केस खांद्यापर्यंत, गाल भरलेले.

"काकू, माझ्या साड्या कुठे आहेत? मंडळात आरतीला जायचंय. आणि तो जांभळा ब्लाउज पण द्या, घालून बघते."

मी पिशव्या काढून दिल्या. वरची चिठ्ठी तेवढी काढून ठेवली. ती पडद्याआड गेली. मी मशिनवर बसून उगाच दोऱ्याशी खेळत राहिले. आणि मग ऐकू आलं, आरशावरचा पडदा सर्रकन ओढल्याचा आवाज. त्या पडद्याच्या कड्या गंजल्यात, चांगला आवाज करतात.

दोऱ्याचं अख्खं रीळ माझ्या हातून उलगडलं गेलं.

"काकू!"

"काय गं?"

"हे काय शिवून ठेवलं बाप्पा तुम्ही?" पडदा बाजूला करून ती बाहेर आली, कंबरेवर हात, अस्सल नागपुरी अवतार. वर्षभरात तिच्या तोंडून हे नागपूर मी पहिल्यांदा ऐकत होते. "पाहा ना, किती दाटून राहिला! दोन हुक लागूनच नाही राहिले. डावीकडे वर चढून राहिलं ते वेगळंच. माप चुकलं तुमचं!"

ब्लाउज होता तेवढाच होता. आईच्या हातच्या सांबारवड्या खाऊन आणि झोप परत येऊन बाई अंगाने भरली होती, एवढंच. हात सवयीने वहीकडे गेला. पान उघडलं. आकडा समोर होता, डावा-उजवा दोन्ही. टेप गळ्यातच होती. दोन मिनिटांचं काम होतं.

मी वही मिटली.

"हो गं," मी म्हटलं, "चुकलं माझं माप."

आतल्या खोलीतून यजमान हातात इस्त्री तशीच धरून बाहेर आले आणि माझ्याकडे बघत उभे राहिले. त्रेचाळीस वर्षांत त्यांनी हे ऐकलं नव्हतं.

"मग! मी तेच म्हणून राहिले," वैशाली म्हणाली. "आणि हा गळा? एवढा वर कुणी ठेवते काय? म्हातारी दिसते मी."

"तूच म्हणाली होतीस, कितीही चालेल," हे अगदी जिभेवर आलं होतं. गिळलं. मशिनवरची पेन्सिल घेतली, वहीचं कोरं पान काढलं आणि म्हटलं, "सरी. आणखी काय काय चुकलंय ते सांग." ती सांगत गेली, आणि मी एकाखाली एक सगळं लिहून घेतलं.